विलंबितात सम निसटते. आणि भूप, देशकार, शुद्ध कल्याण वेगळे कसे ओळखायचे?

तिसरा_प्रहर

नमस्कार मंडळी. नाट्यसंगीत, अभंग, मैफिलीतला द्रुत भाग हे कानाला सहज लागतं. किशोरीताईंच्या भूपातलं 'सहेला रे' तोंडपाठ आहे. पण त्याच्या आधीचा विलंबित, म्हणजे संथ लयीतला बडा ख्याल, 'प्रथम सुर साधे', पाच-सात मिनिटांत हातातून सुटतो. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, येऊन गेली हे दुसऱ्या कुणाची मान हलली की कळतं.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, विलंबितात सम पकडायची कशी? दोन, भूप, देशकार आणि शुद्ध कल्याण, तिन्ही पाच सुरांचे. मला तिन्ही 'भूपासारखं काहीतरी' वाटतात. तीन, रोज पाऊण तास मिळतो, त्यातला अर्धा लोकलमध्ये. त्यात एकच राग पाच जणांचा ऐकावा, की एकच गायक धरून त्याचे पाच राग?

पेटीवर सरगम वाजवता येते, याच्यापुढे शिक्षण नाही. थाट, वादी-संवादी वाचून झालंय. कानाला नेमकं काय काम द्यायचं ते सांगा. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

कत्_ता

निदान पहिले पंधरा दिवस सम गायकात शोधू नका, तबल्यात शोधा.

पुष्कळसे बडे ख्याल एकतालात असतात, तिथूनच सुरुवात करा. ठेका असा:

धिं धिं | धागे तिरकिट | तू ना | कत् ता | धागे तिरकिट | धी ना

बारा मात्रा. हाताची चार बोटं घ्या, मोजायला अंगठा. प्रत्येक बोटाला तीन पेरं, म्हणजे चार त्रिक बारा. करंगळीच्या तळाच्या पेरावर सम धरा, वर जा, मग अनामिकेच्या तळाला या, असं करत तर्जनीच्या टोकापर्यंत. पहिला तिरकिट चौथ्या मात्रेला येतो, म्हणजे बरोबर अनामिकेच्या तळाला. कत् सातव्याला, मधल्या बोटाच्या तळाला. दुसरा तिरकिट दहाव्याला, तर्जनीच्या तळाला. थोडक्यात, अंगठा बोट बदलतो त्या क्षणी तबल्यावर काहीतरी ठळक घडलंच पाहिजे. नाही घडलं तर तुम्ही घसरलात. तिथेच थांबा आणि पुढच्या समेची वाट बघा. मधूनच पकडायला जाऊ नका.

आता नेहमीची फसगत. तिरकिट दोन आहेत आणि सुरुवातीला दोन्ही सारखेच वाटतात. फरक त्यांच्या पुढे आहे. पहिल्या तिरकिटानंतर 'तू ना' येतं, त्यात डग्ग्याचा घुमारा नाही, आणि लगेच डग्ग्यावरची सपाट थाप, कत्. दुसऱ्यानंतर 'धी ना' येतं आणि घुमारा परत येतो. म्हणजे तिरकिटानंतर घुमारा आला तर 'धी ना' संपताच सम. कोरडं 'तू ना' आलं तर अजून 'कत् ता धागे तिरकिट धी ना' एवढी वाट बाकी आहे, निवांत बसा.

ठेका असा कानात बसला की मग मुखड्याकडे वळा. बंदिशीचा मुखडा, म्हणजे तिचा सुरुवातीचा तुकडा, समेच्या आधी, बहुतेकदा शेवटच्या दोनेक मात्रांत, उचलला जातो आणि त्यातलं एकच ठरावीक अक्षर दरवेळी समेवर पडतं. ते अक्षर शोधून कागदावर त्याखाली रेघ मारा. गायक आलापात कितीही भटकला तरी तो त्या अक्षरावर परत येणार आहे हे एकदा कळलं की पुढचा अर्धा तास वाट बघण्यातच मजा येते.

तीनतालात प्रत्येक बोटाची तीन पेरं आणि टोक, असे चार धरा. चार चोक सोळा. मधल्या बोटावर 'खाली', म्हणजे टाळी नसलेला भाग. डग्गा दहाव्या मात्रेपासून गप्प होतो आणि चौदाव्याला परत बोलतो, म्हणजे तर्जनीच्या दुसऱ्या पेरावर. तो परतला की सम तीन मात्रांवर.

झुमरा १४ मात्रांचा, ३-४-३-४. करंगळीवर तीन, अनामिकेवर चार, मधल्यावर तीन, तर्जनीवर चार. तो आत्ता नको.

---

तिसरा_प्रहर

वा, पेरांचं प्रकरण झकास आहे. लगेच करून बघितलं. पण माझे बारा होतच नाहीत. एका ध्वनिमुद्रणात दोन समांमध्ये ४८ भरले, दुसऱ्यात २४, तिसऱ्यात ४६. गायक वेगवेगळे आहेत हे मान्य, पण ताल तर एकतालच लिहिलाय.

---

कत्_ता

ताल एकच आहे. तुम्ही मात्रा मोजत नाही, मात्रेच्या आतलं भरण मोजताय.

अतिविलंबितात एक मात्रा तीन-चार सेकंदांची होते. एवढी जागा मोकळी ठेवली तर लय लटकते, म्हणून तबलजी प्रत्येक मात्रेचे चार भाग करून मधली जागा हलक्या बोलांनी भरत राहतो. चार गुणिले बारा, ४८. थोड्या चढ्या लयीत दोनच भाग होतात, तिथे २४. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त चारनं किंवा दोननं भागा. ४६ मात्र चूक. दोन बोल कुठेतरी गिळले गेले, बहुधा तिरकिटापाशी. विलंबितात ति-र-कि-ट ही चार अक्षरं अख्ख्या मात्राभर पसरतात, आणि घाईत ती एकदम येतील असं कानाला वाटत राहतं.

उपाय सोपा. मोबाईलचं स्टॉपवॉच लावून समेपासून समेपर्यंतची सेकंदं घ्या, बारानं भागा. ४८ सेकंद आली तर मात्रा ४ सेकंदांची, मिनिटाला १५. तेवढा वेग मेट्रोनोमवर किंवा तबल्याच्या ॲपवर दोन मिनिटं ऐका, मग ते बंद करून ख्याल लावा. आकडा सरासरीच येईल, कारण समेकडे येताना लय किंचित पुढे-मागे होते आणि ख्याल संपेपर्यंत ती थोडी चढलेलीही असते. म्हणून सुरुवातीचा आकडा विसाव्या मिनिटाला लावू नका.

---

गांधार_वादी

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. आधी एक दुरुस्ती: शुद्ध कल्याण पाच सुरांचा फक्त चढताना. उतरताना त्यात निषाद आणि तीव्र मध्यम येतात, बहुतेकदा मींडेत, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाताना. काही गायक निषाद स्पष्ट लावतात, काही सां-ध मींडेत नुसता झाकून नेतात. तीव्र मध्यम तर प-ग मींडेत एखाद्या सावलीसारखा असतो.

म्हणूनच पेटीवर वाजवून हे राग वेगळे काढायला जाल तर फसाल. पेटीच्या पट्टीला मींड येत नाही. प आणि ग या दोन पट्ट्या दाबल्या की भूप झाला. मधला मध्यम दाबला तर यमनाचा वास येतो. शुद्ध कल्याण या दोन्हींच्या मधे राहतो आणि तिथे पट्टीच नाही. तुमचा कान चुकत नाहीये, वाद्य अपुरं पडतंय. पेटी फक्त सा शोधायला वापरा.

कानाला काम द्यायचं ते हे. कागदावर सा रे ग प ध लिहा. ख्यालाची पहिली पाच मिनिटं लावा आणि आवाज जिथे थांबतो, श्वास घेतो, विसावतो, त्या सुरासमोर खूण करा. वाटेतले सूर मोजायचे नाहीत, फक्त मुक्काम. पाच मिनिटांनी खुणा बघा.

भूपात गांधारासमोर गर्दी होते. 'ग रे सा ध़ सा रे ग', 'प ग', 'ध प ग रे सा', सगळ्या वाटा गांधारावरून जातात आणि खाली मंद्र (खालच्या सप्तकातल्या) धैवतापर्यंत उतरून परत येतात. वजन पूर्वांगात, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात.

देशकारात खुणा धैवतासमोर पडतात, त्याखालोखाल पंचमासमोर. 'ग प ध', मग 'ध प', मग तार षड्जाकडे. गाणं वरच्या अर्ध्या सप्तकातच राहतं. रिषभाची तर कीव यावी: उतरताना ओझरता स्पर्श, मुक्काम नाही. एवढ्या एका खुणेवर पुष्कळदा निकाल लागतो. भूपाचा रिषभ भरदार, देशकाराचा रिषभ चोरटा. वेळही उलट: भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देशकार सकाळचा.

शुद्ध कल्याणात गांधार महत्त्वाचा असतोच, पण ओढ मंद्राकडे. खालच्या पंचमापर्यंत आवाज शांतपणे उतरतो. आणि एक खूण जवळजवळ हुकमी: 'प रे सा'. पंचमावरून गांधाराला न थांबता रिषभावर घसरत येणं. ही जागा ऐकू आली की भूपाचा विचार सोडून द्या.

अवांतर: पहाटे म्हणतात ती 'भूपाळी' हा गीतप्रकार. भूप राग संध्याकाळ उलटल्यावरचा. नावावरून भूप सकाळचा समजणारे पुष्कळ भेटतात.

आता तिसरा प्रश्न. एकाच गायकाचे जवळचे राग ऐकले तर राग कळतो. एकच राग अनेकांचा ऐकला तर गायकी कळते. तुमची अडचण आत्ता रागाची आहे, म्हणून आवाज बदलू नका. किशोरीताईंचा भूप आणि त्यांचाच देशकार, लागोपाठ नाही, एका दिवसाआड. आवाज तोच, घराणं तेच, सूरही तेच पाच. जो फरक जाणवेल तो रागाचाच असणार. दोन आठवड्यांनी भीमसेनजींचा शुद्ध कल्याण आणा.

आणि एवढ्यात जैत कल्याणाच्या वाटेला जाऊ नका. तोही याच पाच सुरांतला, पण पंचमावर भर देणारा. आत्ता ऐकलात तर जे हाताला लागलंय तेही जाईल.

---

मध्यलय

वरचे दोन्ही प्रतिसाद बरोबर आहेत, पण माणूस लोकलमध्ये उभा राहून ऐकणार आहे. त्याला थेट पाऊण मिनिटाच्या आवर्तनात (समेपासून समेपर्यंतच्या फेऱ्यात) कशाला ढकलता?

विलंबित म्हणजे सगळीकडे एकच लय नव्हे. ग्वाल्हेर घराण्याचा विलंबित मुळात चालता असतो. एकताल किंवा तिलवाडा, आणि सुरुवातीलाच स्थायी-अंतरा पुरता मांडतात, त्यामुळे अख्खी बंदिश पहिल्या काही मिनिटांत कानावर पडते. मुखडा सापडतो, समेचं अक्षर सापडतं, मगच विस्तार. जयपूरमध्ये विलंबित तीनताल आवडता, मात्रा एक-दीड सेकंदाची, म्हणजे आवर्तन पंचवीस सेकंदांच्या आत. किराण्यात एकेक सूर उघडत नेण्यावर भर, तिथे लय उतरते. आणि अमीर खाँसाहेबांचा झुमरा सगळ्यांत संथ, आवर्तन मिनिटाच्या आसपास. ही वळणाची लय त्यांनी किराण्याच्या अब्दुल वहीद खाँसाहेबांच्या प्रभावातून घेतली. नवख्यानं तिथून सुरुवात करणं म्हणजे पोहायला शिकताना एकदम समुद्र.

माझा क्रम असा: आधी द. वि. पलुसकर. जेमतेम ३४ वर्षांचं आयुष्य (१९२१ ते १९५५), पण जेवढं ध्वनिमुद्रित झालं ते नितळ. शब्द कळतात, सूर स्वच्छ, बढत (रागाचा पायरीपायरीनं विस्तार) सरळ. मग मालिनी राजूरकर. त्यांचा टप्पा (तानांनी भरलेला गीतप्रकार) ऐकाल तेव्हा तानेच्या आत ताल कसा असतो ते कळेल, पण आधी ख्याल ऐका. मग उल्हास कशाळकर. ग्वाल्हेर, जयपूर, आग्रा तिन्ही गायकींचं शिक्षण एकाच गळ्यात असल्यामुळे त्यांच्या ख्यालात मांडणी कुठे संपते आणि बोलबाँट (शब्दांशी लयीत खेळणं) कुठे सुरू होते हे उघड दिसतं.

किशोरीताईंवरून वाद होईल, होऊ दे. त्यांचं गाणं थोरच, पण उत्तरकाळातलं गाणं जयपूरच्या रूढ लयीपेक्षा संथ आणि आलापप्रधान आहे. जयपूरची पेचदार, आवर्तनाच्या कडेकडेनं जाणारी तान ऐकायची तर मोगूबाई, केसरबाई, मल्लिकार्जुन मन्सूर. त्यातही मन्सूरांचे जोडराग आणि अनवट राग, खट, लच्छासाख, एकनिषाद बिहागडा वगैरे, सहा महिने बाजूला ठेवा. दोन राग वेगवेगळे ओळखता येत नाहीत तोवर त्यांचा जोड कसा कळणार? त्यांचा यमन किंवा अल्हैया बिलावल घ्या.

---

लाखेची_तबकडी

कुणीच ७८ च्या तबकड्यांचं नाव काढत नाही याचं आश्चर्य वाटलं. दहा इंची तबकडीची एक बाजू म्हणजे जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. तेवढ्यात स्थायी, अंतरा, आलाप, ताना, सगळं बसवायचं. रागाचा अर्कच. लोकलमध्ये दोन स्टेशनांत एक तबकडी पुरी होते. अब्दुल करीम खाँसाहेबांचं झिंझोटीतलं 'पिया बिन नहीं आवत चैन' किंवा केसरबाईंची भैरवी 'जात कहाँ हो' घ्या. ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली. पहिलं यान ऑगस्टमध्ये सुटलं, दुसरं ५ सप्टेंबरला, आणि केसरबाई गेल्या त्याच महिन्याच्या १६ तारखेला.

पण जुनं मुद्रण ऐकताना काही गोष्टी सांभाळा.

वेग. तबकडी ७८ ऐवजी ८० फेऱ्यांनी फिरवून उतरवली असेल तर सूर सुमारे अडीच टक्के चढतो, म्हणजे पाव स्वराला जेमतेम कमी, जवळजवळ अर्धी पट्टी. ८२.६ फेऱ्यांना तो बरोबर एक पट्टी वर जातो, काळी एकची पांढरी दोन. रागाला धक्का लागत नाही, कारण सगळेच सूर एकत्र सरकतात. पण गळा बारीक वाटतो आणि तान आहे त्याहून चपळ. 'त्या काळी सगळे किती चढ्या पट्टीत गायचे' असं म्हणण्याआधी त्याच तबकडीची दोन-तीन उतरवणं लावून बघा. पट्टी वेगवेगळी निघाली तर गायकाला सोडा, फिरवणाऱ्याला धरा.

खरखर. मोनो, म्हणजे एकाच ध्वनिमार्गाची जुनी तबकडी स्टिरिओ पिनेनं उतरवलेली असते, त्यामुळे डाव्या-उजव्या कानात खरखर वेगवेगळी येते आणि गाणं सारखंच. फोनच्या सुलभता सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' असतं, ते चालू करा. गाणं तसंच राहतं, खरखर जाणवण्याइतकी कमी होते. याउलट ज्या चढवलेल्या फाइलमध्ये खरखर अजिबात नाही आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा आहे, ती टाळा. खरखर काढताना तंबोऱ्याची जवारी (तारेचा झंकार) आणि श्वासही धुऊन निघालेले असतात.

---

गांधार_वादी

तबकडीबद्दल अर्धाच सहमत. रागाचा अर्क मिळतो, पण धागाकर्त्याची पहिली अडचण विलंबिताची आहे आणि तीन मिनिटांत विलंबित मावत नाही. त्या तबकड्यांत बहुतेक सगळं मध्य आणि द्रुत लयीतलं, कारण दुसरा इलाजच नव्हता. पाऊण मिनिटाचं आवर्तन असेल तर तीन मिनिटांत चार समा. बढत कुठे करणार?

तबकडी वापरायची असेल तर चाचणीसाठी वापरा. खुणांचा कागद घेऊन बसा, रागाचं नाव न बघता लावा, एका बाजूत निकाल द्या, मग नाव बघा.

लांब मुद्रणासाठी एलपी (लाँग प्ले तबकडी) बरी. एक बाजू वीस-पंचवीस मिनिटांची, त्यात बडा ख्याल आणि छोटा ख्याल दोन्ही बसवलेले. गायकानं तेवढ्याच वेळासाठी मांडणी केलेली असल्यामुळे पसारा कमी. अमीर खाँसाहेबांची एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी असलेली एलपी हा त्याचा वस्तुपाठ. ऐकायची मात्र शेवटी; मध्यलय यांच्याशी इथे सहमत.

---

पानसुपारी

लोकलचं कुणीतरी बोला की. कत्_ता यांची सगळी युक्ती डग्ग्याच्या घुमाऱ्यावर उभी आहे आणि गाडीची घरघर नेमकी तोच घुमारा खाते. मोबाईलच्या स्पीकरवर तर तो मुळातच नसतो. दोन-तीनशे हर्ट्झच्या खालचं त्या टिचभर स्पीकरला झेपत नाही. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्जच १३९ हर्ट्झच्या आसपास, आणि तंबोऱ्याच्या खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर. मग सम सापडत नाही म्हणून स्वतःला दोष द्यायचा.

म्हणून वाटणी करा. प्रवासात कानात घट्ट बसणारे, बाहेरचा आवाज अडवणारे इअरफोन, आणि तिथे फक्त मध्य-द्रुत लयीतलं किंवा तबकड्या. विलंबित घरी, हेडफोनवर किंवा बऱ्या स्पीकरवर, तेही आडवं पडून नाही. 'बास बूस्ट' बंद; त्यानं डग्गा मोठा होतो पण त्याचा आकार जातो, कत् आणि घुमारा एकसारखेच धप्प वाजतात. फाइल १२८ केबीपीएसच्या खालची नको, तंबोऱ्याची झिलई आधी जाते. आणि ऑटोप्ले बंद करा. भूप संपून त्याच क्षणी मालकंस सुरू झाला की कानातला षड्ज पुसला जातो. दोन मिनिटं काही न लावता बसा.

एकच मुद्रण आठवडाभर ऐकायला हरकत नाही, उलट तेच करा. पहिल्या दिवशी फक्त ठेका. दुसऱ्या दिवशी मुखडा आणि समेचं अक्षर. तिसऱ्या दिवशी मुक्कामाच्या खुणा. चौथ्या दिवशी कागदावर मिनिटं लिहा: मंद्रातून बाहेर कधी पडले, तार षड्ज पहिल्यांदा कधी पुरता लागला, अंतरा कधी उचलला, पहिली तान कधी. तार षड्ज बहुतेकदा खूप उशिरा येतो, आणि तो मुद्दाम लांबवलेला असतो हे आकडे बघूनच पटतं. पाचव्या दिवशी कागद बाजूला ठेवून नुसतं ऐका.

भूप-देशकाराची जोडी बसली की मारवा-पूरिया-सोहनी घ्या. तेच सहा सूर, पंचम नाही, रिषभ कोमल, मध्यम तीव्र. मारव्यात रिषभ-धैवताचं राज्य आणि षड्ज टाळत राहण्याची अस्वस्थता. पूरियात गांधार-निषाद आणि मंद्राकडे कल. सोहनी सगळी तार षड्जाभोवती. इथे एक अडचण येते: षड्ज टाळलेला असल्यामुळे मारव्यात नवख्याचा कान रिषभालाच षड्ज समजतो आणि मग सगळं गणित चुकतं. सुरुवातीला तंबोरा एकटा वाजतो ती काही सेकंदं पुढे ढकलू नका. तेवढ्यात षड्ज गुणगुणून पक्का करा, आणि मधेमधे आवाज थांबला की परत तोच गुणगुणून बघा.

सकाळचे राग मैफिलीत मिळतील म्हणून थांबू नका. बहुतेक मैफिली संध्याकाळच्या, आणि २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर उघड्या मंडपात रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद, मोजके सवलतीचे दिवस सोडून. देशकार, तोडी, ललत आणि रात्री उशिराचे दरबारी-अडाणा, दोन्ही टोकांचे राग त्यामुळे मुद्रणांवरच ऐकावे लागतात.

---

तिसरा_प्रहर

सगळ्यांचे मनापासून आभार. पेरांवर एकताल आता दहातल्या सात वेळा बरोबर येतो. चुकतो तो दुसऱ्या धागेपाशी.

खुणांचा कागद करून बघितला. किशोरीताईंच्या भूपात पहिल्या पाच मिनिटांत ग १३, सा ८, ध़ ४, रे ४, प ३. अपेक्षेप्रमाणे. मग एका जुन्या मैफिलीचं मुद्रण लावलं, दुसऱ्याच गायिकेचं, शीर्षकात 'राग भूप' लिहिलेलं. त्यात ध ११, प ७, सां ५, ग ३. माझा षड्ज चुकला असेल का?

---

कत्_ता

धागेबद्दल: तिसऱ्या आणि नवव्या मात्रेला तेच बोल, म्हणून कान तिसऱ्यावर परत जातो. आदल्या दोन मात्रा ऐका. 'धिं धिं' नंतरचा धागे तिसरा, 'कत् ता' नंतरचा नववा.

---

गांधार_वादी

षड्ज चुकला असता तर खुणा अशा नीट बसल्या नसत्या, एखादी तरी पट्टीबाहेर पडली असती. तरी तंबोऱ्यावरून एकदा ताडून बघा. रिषभासमोर किती खुणा आहेत?

---

तिसरा_प्रहर

तंबोरा परत ऐकला, षड्ज बरोबर आहे. रिषभासमोर एकच, तीही पुसट काढलेली. उतरताना कुठेतरी वाटलं होतं.

---

गांधार_वादी

मग देशकार. चढवणाऱ्यानं पाच सूर मोजले आणि भूप लिहून मोकळा झाला. मैफिल सकाळची होती का ते वर्णनात बघा, आणि त्याला खाली टिप्पणीत कळवा, शीर्षक बदलता येतं.